मामांचा तिसरा निरोप

मामांचा निरोपसमारंभ यापूर्वी दोनदा झाला होता. दोन्ही वेळा भाषणं झाली, दोन्ही वेळा एकदोघांचे डोळे भरून आले, आणि दोन्ही वेळा मामा गेलेच नाहीत. त्यामुळे आपण नोकरी सोडतोय, इथलं कामाचं परमिट रद्द करून कायमचे घरी चाललोय, असं त्यांनी तिसऱ्यांदा सामाईक खोलीत जाहीर केलं तेव्हा कुणी मान वरसुद्धा केली नाही. आचारी कांदा चिरत होता, तो चिरत राहिला. ड्रायव्हर पलंगावर लोळत मोबाइल बघत होता. तो म्हणाला, "या वेळी वर्गणी तिकीट बघून देणार."

"आणि गोडाधोडाचं मी काही करणार नाही," आचारी म्हणाला. "आधी जा, मग करतो."

"मी गेल्यावर केलंत तर मला कसं मिळणार?"

"म्हणूनच."

भिंतीवर घड्याळ टिकटिकत होतं. ते मामांना पहिल्या निरोपाला मिळालेलं. मामा राहिले, म्हणून घड्याळही राहिलं आणि खोलीतल्या खिळ्यावर गेलं. दुसऱ्या निरोपाच्या वेळी नवी भेट आणण्यापेक्षा तेच खाली काढून, पुसून, चकचकीत कागदात गुंडाळून त्यांना परत दिलं होतं. चार दिवसांत ते पुन्हा त्याच खिळ्यावर लटकलं. त्याला कुणी दोष देत नव्हतं.

मामा परदेशातल्या एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात, लाँड्रीत, शर्टांच्या वाफेच्या प्रेसवर होते. वर पाहुणे गालिच्यावरून चालायचे आणि खाली त्यांचे शर्ट मामांच्या हाताखालून जायचे. आधी कॉलर, मग कफ, मग खांदे, मग बाह्या, शेवटी पाठ. पायाने पेडल दाबायचं, वाफेचा फुसकारा सोडायचा, हाताने कापड सरळ करायचं. शर्ट बाहेर पडायचा तो अगदी परीटघडीचा. या कामात मामा तरबेज होते आणि त्यांना ते ठाऊक होतं, त्यामुळे कुणी कौतुक केलं की ते संकोचायचे वगैरे नाहीत. "बघितलंत ना," असं म्हणून पुढचा शर्ट उचलायचे.

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं. बाकी सगळीकडे ते मामा. हाक मारतानाही मामा आणि बनवतानाही मामाच, असं ड्रायव्हर म्हणायचा, आणि त्यात तथ्य होतं. कारण 'नाही' हा शब्द मामांकडे नव्हता असं नाही, पण तो वापराविना पडून होता. ते 'बरं' म्हणायचे. पहिल्या निरोपानंतर लाँड्रीत नवं यंत्र आलं आणि मॅनेजर म्हणाले, एवढं सुरू करून देऊन जा. मामा म्हणाले, बरं. दुसऱ्या निरोपानंतर मॅनेजर म्हणाले, गर्दीचे दिवस आलेत, एवढे निभावून न्या. मामा पुन्हा म्हणाले, बरं. त्या 'बरं'ची किती वर्षं झाली हे मोजायच्या भानगडीत ते पडत नसत.

मोजायचं काम घरी मामी करायच्या. मामींना इथल्या कुणी पाहिलं नव्हतं, तरी सगळ्यांच्या त्या मामीच. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी इस्त्रीचं काम सुरू केलं होतं, त्याचं पुढे दुकान झालं, दुकानासाठी जुनी व्हॅन आली आणि व्हॅनसाठी मामी पन्नाशीला टेकताना गाडी चालवायला शिकल्या. हे सगळं मामांना फोनवर कळत गेलं. प्रत्येक फोनच्या शेवटी मामी विचारायच्या, "मग, कधी येताय?" मामा म्हणायचे, "बघू." मग दोघं फोन ठेवायची.

या वेळच्या फोनवर मात्र मामींनी तो प्रश्न विचारलाच नाही.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "दुकानात वाफेचा प्रेस आणलाय. जुना आहे, पण धडधाकट आहे. वर चादर घालून ठेवलाय. मला तो चालवता येत नाही आणि मी शिकणारही नाही. तुम्ही आलात तर चादर काढू. पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत वाट बघीन, नाहीतर विकून टाकीन."

"विकू नकोस."

"विकीन. आणि पुन्हा कधी येताय म्हणून विचारायची नाही. उगाच दोघांना त्रास."

मामी रागावल्या असत्या तर मामांना ते सवयीचं होतं. पण त्या शांतपणे बोलल्या, धोब्याच्या कपड्यांचा हिशोब सांगावा तशा. या बाईने विचारणं बंद केलं तर आपलं घरी जाणं संपलं, मग तिकीट कुणीही काढून देवो, हे त्यांना लख्ख कळलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधीच ते एचआरच्या बाईंपुढे जाऊन उभे राहिले.

बाईंनी कपाट उघडलं. "तुमचा राजीनामा माझ्याकडे तयारच असतो," त्या म्हणाल्या. "फक्त तारीख बदलते."

"या वेळी नाही बदलणार."

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात." बाई खडूस होत्या, पण सरळ होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवला. "नीट ऐका, मामा. आजवर तुमचा अर्ज या टेबलावरच फिरून परत जायचा. आता मी परमिट रद्द करायला पाठवलं की मागे घेता येणार नाही. रद्द झालं की ठरलेल्या मुदतीत निघायचं, राहिलात तर दंड. आणि त्याआधी तुमच्या नावावर जे जे आहे ते मोकळं करून आणायचं. फोन, गॅस, खोली, सगळं. काही अडकलेलं निघालं तर कॅन्सलेशन तिथेच थांबतं. काय काय आहे नावावर?"

"आहे थोडंफार," मामा म्हणाले.

ते थोडंफार म्हणजे काय प्रकरण होतं हे सांगायला हवं. नवा माणूस कामावर आला की त्याचं परमिटकार्ड हातात पडायला वेळ लागतो. कार्डाशिवाय फोन मिळत नाही, आणि घरचे तर तिकडे कानात प्राण आणून बसलेले. मग कुणीतरी म्हणायचंच, "मामांच्या नावावर घे. कार्ड आलं की बदल." मामा म्हणायचे, बरं. कार्ड यायचं, बदलायचं राहून जायचं, आणि तो माणूस जुना झाला की पुढच्या नव्या माणसाला तोच सल्ला द्यायचा. असं करत करत मामांच्या एका नावात अख्खी वस्ती राहायला आली होती.

फोन कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीने कार्ड घेतलं, बटणं दाबली, पडद्याकडे बघितलं आणि मग मामांकडे बघितलं. "हे सगळे नंबर तुम्ही वापरता?"

"नाही हो. माझा एकच आहे."

"मग बाकीचे?"

"भाच्यांचे."

"इतके भाचे?"

"मामा आहे ना मी," मामा म्हणाले. मुलीला हसू आवरेना. तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. एकेक नंबर वाचताना मामांना माणसं आठवत गेली. हा चादरी घड्या घालणाऱ्याचा. हा रखवालदाराचा, तो तर कधीच दुसऱ्या शहरात गेला. हा ज्याचा होता तो नोकरी सोडून गेला, आणि आता त्यावर कोण बोलत होतं देव जाणे. आचाऱ्याचे तर दोन होते.

"दोन कशाला?" संध्याकाळी मामांनी त्याला धरलं.

"एकावर बायको असते तेव्हा दुसऱ्यावर आई असते," आचारी म्हणाला. "दोघी एकाच घरात, एकाच खोलीत. पण मी दोघींशी वेगवेगळं बोललं पाहिजे."

मग मामांनी जी वसुली सुरू केली ती बघण्यासारखी होती. आयुष्यात कुणाच्या मागे न लागलेला माणूस पाळी संपली की दारात उभा. घड्या घालणाऱ्याला त्यांनी दाढीच्या फेसासकट काउंटरवर नेलं. रखवालदाराला फोनवर इतकं पिडलं की तो सुट्टी काढून आला, आणि आला तो चार तास गप्पा मारत बसला. ज्या नंबरवर कोण बोलतं ते माहीत नव्हतं तिथे मामांनी सरळ फोन लावला. पलीकडून एक भला माणूस म्हणाला, "मामा ना? तुमचं नाव ऐकून आहे. तुमचा फोन मीच वापरतो." तोही दुसऱ्या दिवशी आला आणि येताना केळी घेऊन आला.

सगळं मार्गी लागलं, फक्त खोली राहिली. खोलीचा करार आणि तिथलं इंटरनेट मामांच्या नावावर होतं. मामांनंतर खोलीत जुना ड्रायव्हरच, तेव्हा ते त्याच्या नावावर जायचं हे ठरलेलं. पण ड्रायव्हर हाताला लागेना. एकदा त्याला ड्युटी होती. एकदा कार्ड गाडीत राहिलं. एकदा फोटो चांगला नव्हता. मामांनी तिकीट काढून त्याच्या नाकासमोर धरलं तेव्हा त्याने ते उलटसुलट करून बघितलं, वर्गणी काढून दिली आणि करार तसाच राहिला. इकडे मामींच्या मुदतीचा महिना सरत आला होता आणि एचआरच्या बाई रोज विचारत होत्या, "पाठवू का पुढे?"

सुट्टीच्या दुपारी मामा त्याच्या पलंगापुढे खुर्ची ओढून बसले.

"मामा, एवढं काय त्यात," ड्रायव्हर म्हणाला. "राहू दे ना तुमच्याच नावावर. परमिट पुढच्या महिन्यात रद्द करा. एक महिना काय, बघता बघता जातो. मी करून टाकतो तोवर."

मामांच्या ओठांवर 'बरं' येऊन बसलं. आचाऱ्याने ते बघितलं आणि गॅस बंद केला. दुकानातल्या यंत्रावरची चादर मामांच्या डोळ्यांसमोर आली. मामींकडच्या सगळ्या चादरी त्यांना पाठ होत्या. ही निळ्या काठाची असणार.

"नाही," मामा म्हणाले.

ड्रायव्हरने विचारलं, "काय म्हणालात?"

"नाही म्हणालो. आज दुपारी करायचं. आत्ता."

ड्रायव्हर उठून बसला. तो थट्टेखोर माणूस, पण आता त्याला थट्टा सुचत नव्हती. पायाने चप्पल चाचपत तो म्हणाला, "मामा, खरं सांगू? करार माझ्या नावावर झाला ना, की मी इथला झालो. तुमच्या नावावर आहे तोवर मला वाटतं, मी आपला पाहुणा आहे. उद्यासुद्धा निघेन."

मामांना चिडायचं होतं, चांगली तयारी करून ते बसले होते. पण त्या आता पोरवयाच्या न राहिलेल्या, टक्कल पडत चाललेल्या माणसाबद्दल त्यांना एवढी माया दाटून आली की राग कुठल्या कुठे गेला. खुर्ची सोडून ते त्याच्या शेजारी पलंगावर बसले.

"मी पाहुणा कुठे झालोय सांगू? घरी," ते म्हणाले. "सुट्टीवर गेलो की ती माझ्यासाठी चांगला कप काढते. कपाटातला, सोनेरी काठाचा. बाकी सगळे रोजच्या कपातून चहा पितात, कुणाचा कान तुटलेला, कुणाला चीर गेलेली. मी आपला सोनेरी काठ सांभाळत बसतो. आणि इथे बघ, गॅस माझा, खोली माझी, तुझ्या बायकोचा फोनही माझ्याच नावावरच्या नंबरवर यायचा. उलटं झालं रे सगळं."

ड्रायव्हरने सापडलेली चप्पल पायात सरकवली. मग म्हणाला, "एकाच वर्षाचा करार करतो."

"मीही एकच वर्ष म्हणालो होतो."

"दहा वर्षांचा कर," आचारी मध्येच म्हणाला. "म्हणजे घाबरून लवकर पळशील."

तिघंही हसले, ड्रायव्हर सगळ्यांत शेवटी हसला आणि सगळ्यांत जास्त. मग त्याने कार्ड काढलं. ते गाडीत वगैरे नव्हतं, उशीखालीच होतं.

एकदा 'नाही' तोंडातून निघालं की पुढचं सोपं असतं. मॅनेजर लाँड्रीत आले आणि म्हणाले, "मामा, सुपरवायझर करतो. उभं राहायचं नाही, काचेच्या केबिनमध्ये खुर्ची देतो." मामांनी शर्टाची कॉलर नीट बसवली, पेडल दाबलं आणि वाफ ओसरल्यावर म्हणाले, "नाही साहेब." प्रेसवर बसवायला मामांनी घड्या घालणाऱ्याला तयार केलं होतं. त्याच्या कॉलरी अजून किंचित वाकड्या निघत, पण ती आता मामांची डोकेदुखी नव्हती.

परमिट रद्द झालं ते एका साध्या काउंटरवर, रांगेत उभं राहून. अधिकाऱ्याने अंगठा घेतला, सही घेतली आणि कार्डाच्या कोपऱ्यात एक भोक पाडून ते परत दिलं.

"झालं?" मामांनी विचारलं.

"झालं. पुढचे या."

बाहेर फूटपाथवर आल्यावर मामांना सणकून भूक लागली. समोरून एक पोलीस आला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने मामांचा हात खिशातल्या कार्डाकडे गेला. पोलिसाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. हात खिशात तसाच ठेवून, बोटाने ते भोक चाचपत, मामा एकटेच हसले. थोडी भीतीही वाटत होती. आता इथे त्यांचं काहीही नव्हतं आणि तिकडे काय होतं हे त्यांना फक्त फोनवरून माहीत होतं.

त्यांनी मामींना फोन लावला. "रद्द झालं."

पलीकडे इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मामी म्हणाल्या, "फोटो पाठवा."

मामांनी कार्डाचा फोटो काढून पाठवला. मामींनी तो मोठा करून बघितला असावा, कारण वेळ लागला.

"हे भोक त्यांनी पाडलं का तुम्ही?" मामींनी विचारलं.

निघायच्या सकाळी समारंभ झाला नाही, भाषण झालं नाही. आचाऱ्याने मात्र पहाटे उठून गोड केलं होतं. डबा देताना तो म्हणाला, "विमानात बसल्यावर उघडा. बसला नाहीत तर डबा परत आणा." ड्रायव्हरने खिळ्यावरचं घड्याळ काढलं, शर्टाच्या बाहीने पुसलं आणि कागदाबिगदात न गुंडाळता मामांच्या पिशवीत घातलं. भिंतीवर घड्याळाच्या आकाराचा पांढरा गोल राहिला. विमानतळावर ड्रायव्हर गाडी लावून काचेपर्यंत आला आणि मामा आत दिसेनासे होईपर्यंत हलला नाही. निरोपाच्या वेळी कधी न रडलेला माणूस, पण त्या दिवशी चष्मा पुसायला त्याला फार वेळ लागला. मामांनीही आत शिरल्यावर वळून बघायचं टाळलं, कारण वळले असते तर त्यांचंही अवघड होतं.

इकडच्या विमानतळावर मामी स्वतः व्हॅन घेऊन आल्या होत्या. ती त्यांनी पार्किंगच्या दोन जागांच्या मधोमध लावली होती आणि तिथल्या रखवालदाराशी त्याबद्दल वाद घालत होत्या. मामांना बघितल्यावर त्या बोलता बोलता थांबल्या.

"आलात," त्या म्हणाल्या.

"आलो."

"बसा. पट्टा लावा." आणि मग गाडी सुरू न करताच, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, मामी थोडा वेळ रडल्या. मामांनी पट्टा लावला होता, त्यामुळे त्यांना जवळ सरकता येईना. ते तिथूनच त्यांच्या हातावर हात ठेवून बसले.

वाटेत मामींनी दोन गाड्यांना अशी काही बगल दिली की मामा दाराचं हँडल धरून राहिले, पण 'हळू चालव' म्हणायची त्यांची छाती झाली नाही. घरी न जाता मामी सरळ दुकानात गेल्या. चादर निळ्या काठाचीच होती. मामांनी ती स्वतः काढली, घडी घातली, यंत्राभोवती एक फेरी मारली, पेडलवर पाय ठेवून बघितला. पेडल जरा जड होतं. तेल लागणार होतं, बाकी काही नाही.

मागून मामींनी चहा आणला. मामांनी कप घेतला आणि तो त्यांच्या हातात भलताच गरम लागला, कारण त्याला कान नव्हता. त्यांनी मामींकडे बघितलं. मामी कपडे मोजत होत्या.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक शर्टांचं गाठोडं घेऊन आलं. जुनंच गिऱ्हाईक, मामांना ओळखणारं. "अरे वा, आलात का? किती दिवसांची सुट्टी या वेळी?"

मामींचा मोजणारा हात थांबला. मामांनी कप खाली ठेवला, वरचा शर्ट उचलला आणि कॉलर उलटी करून बघितली.

"संध्याकाळपर्यंत नाही होणार," ते म्हणाले. "उद्या या. मी आहे."